अल्लाहचे पाहुणे : हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे घर



अल्लाहची उदारता आपण कोठे शोधतो, याचा क्षणभर विचार करा. शेतात मका आणि कापूस भरघोस आला, आल्याला चांगला भाव मिळाला, मुलाला नोकरी लागली, मुलीचे स्थळ जमले, की आपल्या ओठांवर आपसूक अलहम्दुलिल्लाह येते. ते योग्यच आहे. परंतु त्याच घरात महिन्याच्या अखेरीस पिठाचा डबा तळाला लागतो, किराणा दुकानाची उधारी वाढते, पावसाने पाठ फिरवलेली असते; तेव्हा आपल्या तोंडी कोणते शब्द असतात? आणि चुलीपाशी बसलेले आपले मूल ते शब्द ऐकत असते, याचे भान आपल्याला असते काय?

सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका विधवा मातेने अशाच रिकाम्या डब्यापाशी उभे राहून आपल्या लहान मुलाला एक गोष्ट सांगितली होती. ती गोष्ट त्या मुलाने आयुष्यभर जपली. पुढे त्याच्या दस्तरखानावर दररोज हजारो माणसे जेवू लागली, तरी आपण संपन्नता कोठे शिकलो हे तो विसरला नाही. तो मुलगा म्हणजे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) आणि ती माता म्हणजे बीबी जुलेखा (रह.). त्यांचे जीवन आज आपण त्यांच्या घराच्या उंबरठ्यावरून पाहू या.

आपल्या मातीशी असलेले नाते

दिल्लीच्या या बुजुर्गांची कहाणी कन्नडच्या वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. कन्नडहून दौलताबादकडे निघालात की हतनूर आणि वेरूळ ओलांडून घाट चढताच खुलताबाद लागते. तेथे हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) विसावले आहेत. ते हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे ज्येष्ठ शिष्य. मुहम्मद बिन तुघलक याने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा दर्जा देऊन दिल्लीच्या लोकांना दक्षिणेत आणले, त्या काळात ते येथे आले आणि 1337 मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. कवी अमीर हसन सिज्जी (रह.) यांची कबरही खुलताबादेतच आहे. हजरत निजामुद्दीन (रह.) यांच्या बैठकीतील बोलणे अमीर हसन यांनी 1308 पासून 1322 पर्यंत टिपून ठेवले. फवाइदुल फुआद हा तो ग्रंथ.

म्हणजे ज्यांनी ते घर डोळ्यांनी पाहिले, त्या घरची भूक आणि त्या घरचा आनंद जवळून जाणला, अशी दोन माणसे आपल्या वाटेवरच्या गावात निजलेली आहेत. त्यांच्या कबरीपाशी उभे राहिल्यावर दुआ अल्लाहकडेच मागायची असते. परंतु ज्या शिकवणीने त्यांना घडवले ती घरी नेण्यास कोणाची हरकत आहे?

बदायूंचे घर

हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे मूळ नाव मुहम्मद. त्यांचे दोन्ही आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील ख्वाजा अली आणि आईचे वडील ख्वाजा अरब, बुखाऱ्याहून हिंदुस्थानात आले. प्रथम लाहोर आणि नंतर बदायूं येथे त्यांनी वस्ती केली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बदायूं येथे हजरतांचा जन्म झाला. वडील सय्यद अहमद हे सत्शील गृहस्थ होते. परंतु मुलगा जेमतेम पाच वर्षांचा असताना त्यांचे छत्र हरपले. घरात उरली आई, मुलगा आणि मुलगी.

विधवेच्या वाट्याला त्या काळी काय येत असे, हे सांगण्याची गरज नाही. आजही ते फारसे बदललेले नाही. बीबी जुलेखा यांनी कोणाच्या दारात हात पसरला नाही. त्यांनी चरखा हाती घेतला आणि सूत कातून घर चालवले. मुलाचे शिक्षण मात्र एक दिवसही थांबू दिले नाही. कातलेल्या सुताला गिऱ्हाईक मिळाले तर चूल पेटे, न मिळाले तर पेटत नसे.

चूल न पेटण्याच्या त्या दिवसांतच ही गोष्ट घडते. मुलगा घरी येई, भुकेला असे. आईकडे देण्यासारखे काही नसे. अशा वेळी ती नशिबाला बोल लावत नसे, गेलेल्या पतीची आठवण काढून मुलासमोर रडत नसे, नातेवाइकांच्या कोरडेपणाचा पाढा वाचत नसे. घरात अन्न आहे असे खोटेही सांगत नसे. ती मुलाला जवळ घेऊन सांगे की, आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत.

वाचकहो, या एका शब्दात काय दडले आहे ते पाहा. पाहुणा उपाशी असला तरी तो अनाथ नसतो. त्याला यजमान असतो. पाहुण्याला ठाऊक असते की आपली चिंता करणारा कोणी आहे. ताट आले नसले तरी ते येणार आहे. पाहुण्याची मान खाली नसते. ज्या दिवशी घर सर्वांत गरीब असे, नेमक्या त्याच दिवशी आई मुलाला सर्वांत मोठ्या यजमानाच्या घरी नेऊन बसवत असे.

याचा परिणाम काय झाला, हे पुढे खुद्द हजरतांनीच आपल्या शिष्यांना सांगितले. एकदा कोणीतरी त्यांच्या घरी एका टंक्याचे धान्य आणून दिले. त्यानंतर कितीतरी दिवस घरात रोज भाकरी होऊ लागली. दुसरे मूल असते तर खूश झाले असते. हे मूल मात्र कंटाळले. आई ते वाक्य पुन्हा कधी सांगेल, याची ते वाट पाहू लागले. अखेर धान्य संपले आणि आईने सांगितले की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. तेव्हा मुलाच्या मनाला जो आनंद आणि जे समाधान लाभले ते शब्दांत सांगता येण्याजोगे नव्हते, असे ते म्हातारपणीही सांगत.

येथे गैरसमज होऊ देऊ नका. भूक ही चांगली वस्तू आहे, असे बीबी जुलेखा यांनी शिकवले नाही. भूक भागवण्यासाठीच त्यांचा चरखा दिवसभर फिरत होता. हाताने काम आणि हृदयाने भरवसा, यालाच तवक्कुल म्हणतात. त्यांनी शिकवले ते एवढेच की, अल्लाहची उदारता धान्याच्या गोणीपुरती नाही. गोणी येते आणि संपते. यजमान मात्र घर सोडून जात नाही.

पगडीचा दिवस

बदायूंमध्ये मुहम्मदचे शिक्षण मौलाना अलाउद्दीन उसूली यांच्याकडे झाले. गुरूही शिष्यासारखेच गरीब होते. त्यांच्याविषयी सांगतात की, एकदा ते तिळाची पेंड खाऊन भूक भागवत असता न्हावी आला. त्याला आपली अवस्था कळू नये म्हणून मौलानांनी पेंड पगडीत लपवली. न्हाव्याने पगडी उतरवताच ती खाली पडली. न्हाव्याने ही गोष्ट एका श्रीमंताच्या कानावर घातली आणि त्या श्रीमंताने धान्य, तूप आणि पैसे पाठवले. मौलानांनी ते सारे परत पाठवले आणि घरची गोष्ट बाहेर नेल्याबद्दल न्हाव्याला समज दिली. आईकडे घरात आणि गुरूकडे बाहेर, मुलाला सर्वत्र एकच धडा मिळत होता.

फिकहवरील कुदूरी हा ग्रंथ पूर्ण झाला, तेव्हा मौलानांनी सांगितले की आता विद्वानाची पगडी बांधण्याची वेळ आली आहे. घरात पगडी कोठून येणार? बीबी जुलेखा यांनी स्वतःच्या घरी सूत तयार केले, त्याचे कापड विणवून घेतले आणि पगडी सिद्ध केली. घरात होते-नव्हते ते शिजवून बदायूंच्या आलिमांना आणि सत्पुरुषांना जेवायला बोलावले. त्या दिवशी आईच्या हातच्या सुताची पगडी मुलाच्या मस्तकावर चढली.

आज आपण मुलांच्या शिक्षणासाठी काय-काय करतो! फी भरतो, शिकवण्या लावतो, मोबाइल घेऊन देतो. ते वाईट नाही. पण मुलाच्या मस्तकावरील पगडीत आपले किती सूत आहे, हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांनी स्वतःला विचारावा.

दिल्ली आणि अजोधन

वयाच्या सोळाव्या वर्षी मुहम्मद पुढील शिक्षणासाठी आई आणि बहिणीसह दिल्लीला आले. तेथे त्यांची विद्वत्ता लवकरच नावारूपाला आली. काजी व्हावे, घराला सुखाचे दिवस दाखवावेत, अशी इच्छा त्यांच्या मनात होती. शेजारी राहणारे शेख नजीबुद्दीन मुतवक्किल यांना त्यांनी यासाठी दुआ करण्याची विनंती केली. शेखांनी त्यांना काजी होण्याऐवजी दुसरे काही होण्याचा सल्ला दिला.

ते दुसरे काही शोधत विसाव्या वर्षी ते अजोधनला, आजच्या पाकपट्टनला, हजरत बाबा फरीद गंजशकर (रह.) यांच्याकडे गेले. शेख नजीबुद्दीन हे बाबांचेच धाकटे बंधू. बाबा फरीद यांचे घरही अल्लाहच्या पाहुण्यांचेच घर होते. शिष्यांपैकी एक जण सरपण आणी, एक पाणी भरी, एक रानातील काटेरी झुडपांची फळे तोडून आणी आणि निजामुद्दीन ती शिजवत. अनेकदा त्यात घालायला मीठही नसे.

एके दिवशी त्यांना राहवले नाही. त्यांनी वाण्याकडून थोडे मीठ उधार आणले आणि भाजीत घातले. बाबांनी घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. आपला हात जड झाला आहे, यात काहीतरी खटकणारे आहे, असे त्यांनी सांगितले. चौकशी केल्यावर उधारीचे मीठ उघडकीस आले. फकिराने उपाशी मरावे; परंतु जिभेच्या चवीसाठी कर्ज करू नये, असा बोध बाबांनी दिला आणि ते अन्न उचलायला लावले. निजामुद्दीन यांनी त्याच क्षणी पुन्हा कधी कर्ज न काढण्याचा निश्चय केला.

आपल्या समाजातील लग्ने आठवा. मंडप, जेवणावळी, कपडे, दागिने. आणि मग वर्षानुवर्षे फिटत नाही ते कर्ज. ज्या घराला चिमूटभर उधार मीठ जड झाले, त्या घराने आपल्या या थाटाविषयी काय म्हटले असते? औषधासाठी, बियाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी नाइलाजाने घेतलेले कर्ज वेगळे आणि चार माणसांनी नाव घ्यावे म्हणून घेतलेले कर्ज वेगळे.

अजोधनमध्येच आणखी एक लहानशी घटना घडली. निजामुद्दीन यांच्याजवळ कपड्यांचा एकच जोड होता आणि तो फाटून, मळून गेला होता. सय्यद मुहम्मद किरमानी यांच्या पत्नी बीबी रानी यांनी ते पाहिले. त्यांनी आपली चादर त्यांना पांघरायला दिली, कपडे धुऊन काढले आणि फाटलेल्या जागी ठिगळ लावून दिले. तोवर निजामुद्दीन ती चादर गुंडाळून एका कोपऱ्यात पुस्तक वाचत बसले. बीबी रानी यांचे नातू अमीर खुर्द यांनी पुढे सियरुल औलिया हा ग्रंथ लिहिला. आजीच्या हातच्या त्या ठिगळाची आठवण घराण्याने जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. अल्लाहची कृपा आकाशातून वीज चमकावी तशीच येते असे नाही. पुष्कळदा ती सुई-दोरा घेऊन येते.

बाबा फरीद यांनी त्यांना आपला उत्तराधिकारी नेमून दिल्लीला परत पाठवले, तेव्हा ज्यांचे देणे असेल त्यांना राजी करण्याची ताकीद दिली. निजामुद्दीन एका कापडविक्याचे वीस जितल देणे लागत होते. जितल हे त्या काळचे लहान नाणे. दिल्लीला येताच दहा जितल जमवून ते त्याच्याकडे गेले आणि उरलेले नंतर देण्याचे वचन दिले. कापडविक्याने दहा घेतले आणि दहा माफ केले. एका गृहस्थाचे उसने आणलेले पुस्तक त्यांच्याकडून हरवले होते. त्याची नक्कल लिहून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्या गृहस्थानेही पुस्तक माफ केले. वली होण्याची वाट कापडविक्याच्या दुकानावरून जाते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आईची शेवटची देणगी

दर महिन्याला नवा चंद्र दिसला की हजरत निजामुद्दीन (रह.) आईच्या पायांवर मस्तक ठेवून तिला शुभेच्छा देत आणि तिचे आशीर्वाद घेत. एका महिन्यात त्यांनी असेच मस्तक ठेवले असता आईने विचारले की, पुढच्या महिन्यात तू कोणाच्या पायांवर मस्तक ठेवशील? मुलाच्या काळजात चर्र झाले. निरोपाची वेळ आली आहे, हे त्यांनी ओळखले. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी विचारले की, आपण मला कोणाच्या स्वाधीन करून चालला आहात? आईने उत्तर उद्या देण्याचे सांगितले आणि ती रात्र शेख नजीबुद्दीन यांच्या घरी काढण्याची आज्ञा केली.

पहाट होण्यापूर्वी घरातील दासी धावत आली. निजामुद्दीन घरी पोहोचले. आईने त्यांचा उजवा हात आपल्या हाती घेतला आणि या मुलाला मी तुझ्या स्वाधीन करते, असे अल्लाहला सांगून प्राण सोडला.

हजरत नंतर सांगत असत की, आईने सोन्या-रत्नांनी भरलेले घर मागे ठेवले असते तरी मला इतका आनंद झाला नसता, जितका या एका निरोपाने झाला. लहानपणी जिने त्यांना अल्लाहचा पाहुणा केले, तिने शेवटी त्यांचा हात त्या यजमानाच्याच हाती दिला. दिल्लीत अधचिनी येथे त्या मातेची कबर आहे.

आपण मुलांसाठी घर बांधतो, प्लॉट घेतो, दोन पैसे मागे टाकतो. जरूर टाकावेत. परंतु आपल्यामागे त्यांचा हात कोणाच्या हाती असेल, याची तरतूद आपण केली आहे काय? आणि ज्यांची आई अद्याप हयात आहे, त्यांनी पुढच्या महिन्याचा चंद्र गृहीत धरू नये.

भुकेपासून दस्तरखानापर्यंत

दिल्लीतील सुरुवातीची वर्षे हलाखीतच गेली. राहायला स्वतःचे घर नव्हते. एकदा घरमालकाच्या मुलांनी त्यांना एकाएकी घर सोडायला लावले. सामान म्हणाल तर पुस्तकांखेरीज काही नव्हते. ती पुस्तके डोक्यावर घेऊन ते एका छपराच्या मशिदीत गेले. सुलतान बलबनच्या काळात दिल्लीत खरबुजे मातीमोल भावाने विकली जात. तरी हंगाम संपत आला तरी त्यांच्या तोंडी एक फोड लागली नाही. अखेर कोणीतरी खरबूज आणि काही रोट्या घेऊन आला, तेव्हा ते गोड फळ त्यांच्या मुखी लागले.

पुढे ते यमुनेकाठच्या गियासपुरात राहू लागले. तेथील एक प्रसंग सांगितला जातो आणि तो आपल्याला खुलताबादेकडे परत नेतो. चार दिवस अन्नाविना गेले होते. हजरत बुरहानुद्दीन गरीब आणि शेख कमालुद्दीन याकूब त्यांच्यासोबत होते. शेजारी एक गरीब स्त्री राहत असे. तीही सूत कातून पोट भरणारी. तिला हे कळले तेव्हा आपल्या कष्टातून आणलेले थोडे पीठ तिने पाठवून दिले. कमालुद्दीन यांनी ते हंडीत घालून चुलीवर चढवले. इतक्यात एक फकीर आला आणि खायला मागू लागला. शिजेपर्यंत थांबण्यास तो तयार नव्हता. हजरतांनी हाताला बाही गुंडाळून उकळती हंडी स्वतः उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली. फकिराने काही घास खाल्ले आणि हंडी जमिनीवर आपटून फोडली. निजामुद्दीन यांच्या बाह्य गरिबीची हंडी आपण फोडली आहे, असे सांगून तो निघून गेला. त्यानंतर त्यांच्या दारी देणग्यांचा ओघ सुरू झाला, अशी परंपरा आहे.

फकीर कोण होता, यापेक्षा ते पीठ कोणाचे होते याकडे लक्ष द्या. पुन्हा एक चरखा चालवणारी स्त्री! बदायूंमध्ये ती आई होती, गियासपुरात ती शेजारीण होती. चार दिवसांच्या भुकेनंतर यजमानाने पाहुण्यांची चौकशी केली ती तिच्या हातून. तुमच्या शेजारच्या घरी आज चूल पेटली आहे काय, हे पाहण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की, आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत हे उपाशी माणसाने स्वतःशी म्हणायचे असते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने ते शेजाऱ्याला सांगायचे नसते. त्याने ताट घेऊन जायचे असते.

मग ते दिवस आले, ज्यांसाठी हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे नाव जगभर घेतले जाते. लंगर अखंड चालू लागला. मुसलमान, हिंदू, प्रवासी, सैनिक, कारागीर, कोणालाही जात-धर्म न विचारता अन्न मिळू लागले. जे येई ते त्याच दिवशी वाटले जाई. सुलतान भेटीला उत्सुक असत. हे त्यांना टाळत. अमीर खुसरो (रह.) यांच्यासारखे दरबारातील मानकरी त्यांच्या पायाशी बसत. आणि स्वतः हजरत? ते बहुतेक दिवस रोजा ठेवत. सहरीच्या वेळी सेवक काही घास खाण्याचा आग्रह करी, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे. मशिदींच्या ओसरीवर आणि दुकानांच्या फळ्यांवर कितीतरी माणसे उपाशी झोपली आहेत, मग हा घास घशाखाली कसा उतरावा, असे ते म्हणत.

त्यांनी विवाह केला नाही. परंतु त्यांचे घर मुलांनी भरलेले होते. बहिणीच्या नातवंडांना त्यांनी जवळ ठेवून वाढवले. बाबा फरीद यांच्या कन्या बीबी फातिमा यांचे पती मौलाना बदरुद्दीन इसहाक यांचे निधन झाले, तेव्हा हजरतांनी त्या विधवेला आणि तिच्या दोन्ही मुलांना अजोधनहून दिल्लीला आणवले आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. त्यांपैकी ख्वाजा मुहम्मद पुढे त्यांचे नमाजचे इमाम झाले. पाचव्या वर्षी अनाथ झालेल्या मुलाने दोन अनाथ मुलांच्या मस्तकावर हात ठेवला. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः अनाथ होते आणि अनाथाचा सांभाळ करणाऱ्याला त्यांनी किती मोठी शुभवार्ता दिली आहे, हे आपण जाणतोच.

पुन्हा रिकामे कोठार

अखेरचे आजारपण आले. हजरतांनी कोठारात आणि घरात जे काही असेल ते सर्व गरिबांना वाटून टाकण्याची आज्ञा केली. व्यवस्था पाहणाऱ्या इकबाल यांनी बहुतेक सर्व वाटले. पण खानकाहमधील दर्वेशांना काही दिवस पुरावे म्हणून थोडे धान्य मागे ठेवले. हजरतांना हे कळताच ते नाराज झाले. कोठाराची दारे तोडून लोकांना आत येऊ द्यावे, धान्याचा दाणाही मागे ठेवू नये आणि जमीन झाडून स्वच्छ करावी, असे त्यांनी फर्मावले. लोक आले आणि पाहता पाहता कोठार रिकामे झाले.

हिजरी 725 मध्ये रबीउस्सानीच्या 18 तारखेला, म्हणजे 3 एप्रिल 1325 रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्या दिवशी त्यांच्या कोठारात दाणा नव्हता. बदायूंच्या त्या घरातही अनेकदा दाणा नसे. फरक इतकाच की, बालपणी ते घर परिस्थितीने रिकामे होत असे आणि शेवटी त्यांनी ते आपल्या हातांनी रिकामे केले. आईने शिकवलेला पाहुणचार उपभोगण्यासाठी ते मोकळ्या हातांनी निघाले.

आपल्या घरासाठी

वाचक बंधू-भगिनींनो, आपण कोणी औलिया नाही. आपल्याला मुलांची पोटे भरायची आहेत आणि उद्याचाही विचार करायचा आहे. घरात वर्षाचे धान्य साठवणे पाप नाही. शरीअतने आपल्यावर कोठार झाडून टाकण्याची सक्ती केलेली नाही. पण या जीवनातून एक गोष्ट प्रत्येक घराला नेता येते आणि तिला पैसा लागत नाही.

टंचाईचा दिवस प्रत्येक घरात येतो. कापसाचा भाव पडतो, मजुरी मिळत नाही, आजार येतो. त्या दिवशी मुलांपासून सत्य लपवू नका, आणि ते सत्य शिव्याशापांत बुडवूनही सांगू नका. पती-पत्नीने एकमेकांच्या कमाईचा आणि माहेर-सासरचा उद्धार करून मुलांच्या कानात कडवटपणा ओतू नये. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांसाठी शांतीचे ठिकाण म्हटले आहे. त्या शांतीची खरी परीक्षा भरल्या दस्तरखानावर होत नाही. मुलांना जवळ बसवा, आहे ते सर्वांत वाटून घ्या, बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करा आणि त्यांना सांगा की आपला पालनहार आपल्याला विसरलेला नाही. मग उठून आपापल्या चरख्याला लागा, मग तो चरखा शेत असो, दुकान असो वा शिलाई मशीन.

आणि सुबत्तेचा दिवस येईल तेव्हा ताटावर बसण्यापूर्वी आपल्या गल्लीकडे एकदा पाहा. कोणत्या तरी घरात आज एखादी आई आपल्या मुलाला अल्लाहचे पाहुणे होण्याचा अर्थ समजावत असेल. त्या पाहुण्यांचे ताट कदाचित अल्लाहने तुमच्याच स्वयंपाकघरात वाढून ठेवलेले असेल. ते पोहोचवण्यास उशीर करू नका.

हे अल्लाह, आमच्या घरांना कर्जाच्या ओझ्यापासून आणि कृतघ्नतेपासून वाचव. आमच्या माता-पित्यांवर कृपा कर. आमची मुले आम्ही तुझ्या स्वाधीन करतो. तूच उत्तम सांभाळ करणारा आहेस. आमीन.